मिस्त्रींची भिंत

मिस्त्रींनी उजवीकडून तिसऱ्या खिळ्याकडे हात नेला. तिथे पटाशी असायला हवी होती. हाताला कानस लागली. चौथ्या खिळ्यावर पक्कड, पाचवा तर रिकामाच!

"झाली झोप?" मागून मुलाचा आवाज आला. "बघा बाबा, तुम्ही घोरत होतात तेवढ्यात सगळं लावून टाकलं. काय उकिरडा करून ठेवला होतात हो!"

उकिरडा! अरे बाबा, वर्षभर खपून लावलेली भिंत होती ती. डोळ्यांपुढचा अंधार वाढत चालला, डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा मिस्त्रींनी चाळीस हत्यारं हाताच्या सवयीनं टांगली होती. खिळ्यांच्या डब्याला एक रबर, स्क्रूच्या डब्याला दोन. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. घर खायला उठायचं. शेजाऱ्यांची स्टुलं, खाटा दुरुस्त करण्यात दिवस तरी सरायचा. ही मागची खोली गेली की संपलंच. आणि मुलाला कळलं तर ती जाणारच होती, कारण त्यानं बजावून ठेवलं होतं, "डोळे गेले तर मी तुमचं काही ऐकणार नाही. सरळ उचलून माझ्याकडे चौथ्या मजल्यावर नेईन."

चौथ्या मजल्यावर सून होती, नातवंडं होती. माणसं वाईट नव्हती. पण तिथे मिस्त्रींना करायला काय होतं? खुर्चीत बसून टीव्ही ऐकायचा.

"लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीनं लावलंय," मुलगा सांगत होता. "प्रत्येकाखाली नावही चिकटवलंय. दिसतंय ना नीट?"

"न दिसायला काय झालं? मोत्यासारखं अक्षर आहे."

"मग सांगा बघू, मोठी करवत कुठेय?"

"वा रे वा! गुरूची विद्या गुरूलाच शिकवतोस? चल, आधी चहा टाक."

मुलगा मोकळेपणानं हसला. लहानपणी भुशानं शिंका येतात म्हणून कधी या खोलीत पाऊल टाकलं नाही त्यानं. मिस्त्रींनी किती वाट पाहिली होती! आणि आज सबंध दुपार त्याने इथे घालवली होती. चहा पिऊन तो गेला. दोन महिन्यांनी येतो म्हणाला.

मिस्त्री परत भिंतीपाशी आले. रात्रीपर्यंत सगळं पूर्वीसारखं लावता आलं असतं. त्यांनी दोन हत्यारं काढलीसुद्धा. पण पोराचा हात पहिल्यांदाच या भिंतीला लागला होता. तो आपल्याच हातानं कसा पुसायचा? त्यांनी दोन्ही होती तिथे परत टांगली.

मग अगदी कडेच्या खिळ्यापासून ते चाचपत निघाले.

"एक. बारीक कानस," ते मोठ्यानं म्हणाले. "दोन... दोन काय बरं?"

खोलीत सांगायला कोणी नव्हतं. त्यांनी खालच्या कागदावरून अंगठा फिरवला. कागद गुळगुळीत होता. अक्षर हाताला लागलं नाही.