इंजिनावरचं घोंगडं

"थंड करून आण म्हटलं होतं ना तुला? थंड!" मी बॉनेटवर हात ठेवला. "हिच्यावर भाकरी भाजून निघेल, शार्शेन!"

शार्शेन टोपी चुरगाळत उभा राहिला. "उस्ताद, बाहेर उणे अठ्ठावीस आहे. एकदा थंड झाली की ही चालू व्हायची नाही. आणि रात्री कलिपाला काही झालं तर?"

"अरे, मग मी ऐकू काय? तुझं डोंबल?"

टायमिंग चेन इंजिनाच्या पोटात असते. ती कधी बदलायची हे मीटर बघून ठरवावं, तर जपानहून आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे मीटर वाटेतच तरुण होतात. म्हणून मी कानावर भरवसा ठेवतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली उतरतं. सकाळी पहिल्यांदा चालू केली की सैल झालेली चेन दोन-तीन सेकंद खडखडते आणि तेल वर चढलं की गप्प होते. तेवढंच ऐकायचं असतं. पण शार्शेनची गाडी तीन हिवाळ्यांत एकदाही थंड झाली नव्हती. दर तीन तासांनी उठून तो ती चालू करायचा आणि वर लोकरीचं जाड घोंगडं टाकायचा.

त्याची बायको कलिपा मागच्या सीटवर बसली होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दोलोन खिंड ओलांडून शहरात डायलिसिसला जायचं. एक फेरी चुकली तर अंगात पाणी चढायचं. गावात गाड्या बऱ्याच होत्या, पण आठवड्यातून तीनदा कोण देणार?

तिने काच खाली केली. "बघा ना भावजी, माझ्यापेक्षा त्या इंजिनाचेच लाड जास्त. घोंगडं मी विणलं आणि पांघरतं कोण?"

"कलिपा, याला सांग. आवाज ऐकू देत नाही, तर मला उघडून बघू दे. शुक्रवारी संध्याकाळी सोडायची, सोमवारी पहाटे न्यायची."

"आणि मधेच हिला..." शार्शेन म्हणाला.

"दोन दिवसांत मी मरत नाही हो," कलिपा म्हणाली. "द्या एकदा त्यांना."

शुक्रवारी तो खरंच गाडी घेऊन आला. आणि मी काय केलं? तेच सांगायला बसलोय. मी नवा कोट घालून दारात उभा होतो. म्हटलं, "अरे, उद्या पुतणीचं लग्न आहे. पुढच्या शुक्रवारी आण. तीन वर्षं चालली, आठवड्यात काय होतंय?"

"चालेल, उस्ताद," तो म्हणाला. "लग्न काय रोज असतं?"

शनिवारी मी घोड्याच्या मटणावर आडवा हात मारला आणि नाचलोही.

सोमवारी अकराला फोन आला. वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता. "उस्ताद, खडखड झाली आणि बंदच पडली. खिंडीत आहोत. चालू होत नाहीये."

"सेल्फ मारू नकोस! आलोच मी."

बर्फामुळे खिंड बंद होण्याच्या बेतात होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पोचलो तेव्हा बॉनेट उघडं बोडकं होतं. घोंगडं कलिपाभोवती गुंडाळलेलं होतं आणि शार्शेनचा कोट तिच्या पायांवर होता. तो नुसत्या स्वेटरवर रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत होता.

कलिपाचा चेहरा सुजला होता. "आज घोंगडं माझं, भावजी," ती म्हणाली. मला हसता आलं नाही.

आम्ही तिला माझ्या गाडीत घेतलं. उतारावर नुसता बर्फ होता. शार्शेन मागून माझा खांदा हलवत होता. "पळवा ना उस्ताद! तिला श्वास पुरत नाहीये! तिला काही झालं तर मी कुठे जाऊ? सांगा ना, कुठे जाऊ?" मी त्याच्यावर खेकसलो, "गप बस, नाहीतर तिघंही दरीत जाऊ!" देवा, त्या माणसावर मी खेकसलो.

इस्पितळात तिच्या यंत्रावर दुसरा पेशंट होता. सहाला तिचा नंबर लागला. तोवर पाणी छातीत भरलं होतं. बुधवारी सकाळी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं, आज ना उद्या हे होणारच होतं. वेळेवर पोचली असती तर, असं मी त्यांना दोनदा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तरी माझं समाधान झालं नाही.

गाडी मी ओढून आणली होती. झाकण उघडलं तर चेनला टेकू देणाऱ्या पट्टीचे तुकडे खाली पडलेले, चेन दात सोडून लोंबत होती, चार व्हॉल्व्ह वाकले होते. गेल्या शुक्रवारी हे झाकण काढलं असतं तर नुसतं बघून कळलं असतं. लोक शार्शेनच्या अंगणात मयत ठेवायला तंबू उभारत होते आणि मी दोन दिवस त्या इंजिनात डोकं घालून होतो. सगळं नवं बसवलं. मला दुसरं काय येतं?

शुक्रवारी दफन होतं. मी त्याचीच गाडी चालवत गेलो. आमच्याकडे पुरुष माणसं लांबूनच मोठ्याने आक्रोश करत मयताच्या दाराशी येतात. मी नुसती गाडी दाराशी आणून उभी केली. तंबूत बायका कलिपाचं नाव घेऊन रडत होत्या. घरच्या पुरुषाने उभं राहायचं तसा शार्शेन दारात कंबर बांधून, काठीवर वाकून उभा होता. गाडी बघून तो माझ्याकडे आला.

"शार्शेन," मी म्हटलं, "त्या शुक्रवारी मी जर..."

"पुतणीचं लग्न नीट पार पडलं ना?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

मी मान हलवली. त्याने काठी गाडीला टेकवली आणि बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गरम होतं. तो घरात गेला आणि घोंगडं घेऊन आला. आता ही थंड झाली तरी चालणार होतं.

त्याने घोंगडं बॉनेटवर पसरलं, चारही कोपरे नीट खोचले.

"रात्री तीसच्या खाली जाणार म्हणतात," तो म्हणाला, आणि काठी उचलून पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.