तीन नंबरच्या पेटीखालचा खोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. मधाचा नव्हे, तसा असतो, तर तुम्ही बोटे चाटतच माझी गोष्ट ऐकायला आला असता. माझ्यात मेलेल्या मधमाश्या पडत. त्या पडाव्यात आणि कोणीतरी त्या मोजाव्यात, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

त्याआधी मी एका टेबलाचा खण होतो. टेबल मोडले, मी उरलो. कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना चार खोके हवे होते आणि त्यांचे वडील होते निवृत्त सुतार. निवृत्त सुताराच्या हाताला लाकूड लागले की तो स्वस्थ बसत नाही. त्यांनी मला कापले, तासले, वर तारेची जाळी ठोकली. माशी जाळीतून खाली पडावी, पण पाखराची चोच तळापर्यंत पोचू नये, इतका मी खोल होतो. तळ बाहेर ओढता येई. मुंग्या चढू नयेत म्हणून माझ्या पायांना ग्रीस फासले होते.

"घे," ते लेकीला म्हणाले, "यातून कोणी काही पळवून दाखवावं."

माझी नेमणूक सूर्यफुलांच्या शेतात झाली. मधमाश्या स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक. पेटीत कोणी मेली, की इतर माश्या तिला ओढत दाराशी आणतात आणि बाहेर टाकतात. तीन नंबरच्या पेटीच्या दाराखाली मी होतो, शेजारच्या पेटीखाली माझा एक भाऊ. उरलेले दोघे दूरच्या दुसऱ्या शेतात. आमच्या शेतावर ऐन फुलोऱ्यात एक नवे कीटकनाशक फवारायचे, त्या शेतावर नुसते पाणी. मग दोन आठवडे रोज सकाळी सात वाजता कुठे किती मेल्या ते लिहायचे, असे ठरले होते. मरणात फारसा फरक दिसला नाही, तर ते औषध त्या सगळ्या भागात फुलोऱ्यातही फवारायला परवानगी मिळणार होती.

पेट्या ज्यांच्या होत्या, त्यांना सगळे पेटीकाका म्हणत. त्यांची खोली आमच्याच शेताच्या कडेला होती. त्यांच्या साऱ्या पेट्या याच भागातल्या फुलांवर जगत, म्हणून या कामाला चार पेट्या त्यांनी आपणहून दिल्या होत्या.

"एकदाचं काय ते कळू दे, ताई," ते म्हणाले होते. "मनात सारखी पाल चुकचुकते."

पेट्यांची राखण काकांनी करायची आणि मोजणी बाईंनी, अशी वाटणी झाली.

फवारणीच्या आधी माझ्यात रोज आठ-दहा माश्या पडत. म्हाताऱ्या होऊन मेलेल्या. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. मग फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा तळ ओढला, चिमट्याने एकेक माशी बाजूला केली आणि वहीत तेरा लिहिले. तिसऱ्या दिवशी बारा. पाण्याच्या शेतातला आकडा होता अकरा.

"औषध सौम्य दिसतंय," बाई म्हणाल्या.

काकांचा चेहरा उजळला. खरे काय ते मला ठाऊक होते. पण खोक्याला तोंड असते ते फक्त आत घ्यायला.

सहाव्या दिवशी बाईंनी पेटीचे झाकण उघडले. आतल्या चौकटींवर माश्यांची दाटी असायची, तिथे नुसते मेण दिसत होते. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"काका, अर्धी पेटी रिकामी आहे. गेल्या कुठे सगळ्या?"

"शेतात पडत असतील उडता उडता."

"काही तिथे पडतील. पण काही दारात पडायलाच हव्यात. खोक्यातच काहीतरी खोट आहे."

झाले! करणारे नामानिराळे आणि बोल मला. बाई मला उचलून घरी घेऊन गेल्या. सुतारबाबा खवळले. त्यांनी बाईंनी अभ्यासासाठी बाटलीत ठेवलेल्या पन्नास मेलेल्या माश्या माझ्यात टाकल्या, मला अंगणात ठेवले आणि स्वतः दिवसभर खिडकीत बसून राहिले. चिमण्या आल्या, मुंग्या आल्या, हात हलवत परत गेल्या. संध्याकाळी त्यांनी तळ ओढला.

"मोज. पन्नासच्या पन्नास. माझा खोका चोर नाही. तुझा चोर दोन पायांचा असणार."

त्याच रात्री बाईंनी मला पुन्हा पेटीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या सातला आल्या नाहीत. उजाडताच आल्या.

पेटीकाका माझ्यासमोर उकिडवे बसले होते. माझा तळ त्यांनी ओढून ठेवला होता आणि त्यांच्या तळहातावर एक माशी थरथरत होती. तिची सोंड बाहेर लोंबत होती. काका तिला उबदार फुंकर घालत होते. मग त्यांनी तिला साखरपाण्याचा थेंब दाखवला आणि अलगद पेटीच्या दारात ठेवली.

"काका, हे काय करताय?"

"हिच्यात धुगधुगी आहे अजून, ताई. जिवंत जीव मेलेल्यांत कसा मोजायचा?"

"रोज उचलता?"

"हलणाऱ्या तेवढ्याच. मेलेलीला हात लावला नाही. तुमच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून."

"किती असतात?"

"मोजल्या नाहीत. ओंजळभर असतील."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. तडफडणारी माशीही मोजायची असते, हे त्यांनी काकांना कधी सांगितलेच नव्हते. दोघे त्या माशीकडे बघत राहिले. दारावरच्या राखणदार माश्यांनी तिला हुंगले, ढकलले. ती जाळीत न पडता धडपडत माझ्या काठावरून कडेच्या गवतात गेली आणि पाठीवर पडून गोल गोल फिरू लागली. बाईंनी गवत बाजूला सारले. तिथे ढीग होता.

काकांनी तो पाहिला. "मला वाटलं, त्या आत गेल्या," एवढेच ते म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत. आधीचे सगळे आकडे बाद झाले. दुसऱ्या फुललेल्या शेतात, काकांच्याच चार नव्या पेट्या लावून, पहिल्यापासून सुरुवात झाली. मलाही तीन नंबर मिळाला. फवारणीनंतरच्या सकाळी काका हात पाठीमागे घट्ट बांधून माझ्यासमोर उभे राहिले. माझ्यात शेकडो पाय हलत होते. मी हिशेबी खोका; मला कोणाची दया येत नाही, असे मी मानत असे. त्या सकाळी मात्र मला माझी जाळी नकोशी झाली.

सात वाजता बाईंनी चिमटा काकांच्या हाती दिला. "तुम्ही मोजा."

त्यांनी मोजल्या. मधे दोनदा थांबले, डोळे पुसले, पण आकडा चुकवला नाही. दोनशे बारा. पाण्याच्या शेतात नऊ. ती पेटी पुढे तगली नाही. औषधाच्या डब्यावर मात्र ठळक ओळ आली: फुलोऱ्यात फवारू नये.

आता मी काकांच्या खोलीत फळीवर असतो. माझी जाळी गंजली आहे, तळ अडकतो, कोणी तेलपाणी करत नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, जीव लावायचा तो फूल उमलले असताना, फवारा उचलण्याआधी लावा. आणि कधी एखादा खोका रिकामा दिसला, तर लगेच हुश्श करू नका. जरा वाकून शेजारच्या गवतात बघा.