शेवटच्या बाकाच्या आठ सभा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. रविवारची सकाळ आहे, बाहेर बर्फ पडतंय आणि तुम्ही चर्चमध्ये बसला आहात. पण तुमचे आजोबा तुमच्या शेजारी नाहीत. ते मागे भिंतीशी, कोट टांगायच्या खुंट्यांखाली चाकाच्या खुर्चीत बसलेत. लोकांच्या कोटांच्या ओल्या बाह्या त्यांच्या कानांवर लोंबतायत. मागच्या रविवारी तर कुणीतरी घाईघाईत आपली टोपीच त्यांच्या डोक्यावर अडकवली. आता तुम्हाला भजन म्हणावंसं वाटेल का?

इंगाला वाटेना. इंगा माझ्या रविवारच्या वर्गातली, नऊ वर्षांची. गेल्या वसंतात तिच्या आजोबांच्या, आर्विडच्या, पायांतलं बळ गेलं. आमच्या चर्चमधली मधली वाट अरुंद. त्यांची खुर्ची मावेल अशी आम्हाला एकच जागा दिसत होती : दाराजवळचं शेवटचं बाक कडेने दीड हात कापायचं, तिथे खुर्ची लावायची आणि उरलेल्या बाकावर इंगाच्या घरच्यांनी बसायचं. तुम्ही म्हणाल, दुपारभराचं काम. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या मंडळाने त्यावर महिन्याला एक अशा सात सभा घेतल्या. मीही मंडळात आहे, तेव्हा त्या सातही सभांचं पाप माझ्याही माथी आहे.

पहिल्या सभेत मोजमाप उपसमिती नेमली. दुसऱ्या सभेत तिने मोजमाप सांगितलं. तिसऱ्या सभेत मोजपट्टी खरी की खोटी यावर चर्चा झाली. चौथी सभा गालिच्याच्या रंगावर घसरली. आमच्या मिनेसोटातल्या या गावात कुणी तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. ते उद्धटपणाचं समजतात. ‘हं, तेही खरंच म्हणा’ असं म्हणतात आणि विषय पुढच्या महिन्यावर जातो.

शेवटी आर्विडच म्हणाले, “प्रवचन रेडिओवरही ऐकू येतं. इस्टरपर्यंत येतो, मग मी घरी बरा.”

त्याच दिवशी इंगाने पास्टरबाईंना चिठ्ठी लिहिली : ‘आजोबा घरी राहिले तर मीही घरी राहणार. पण मला घरी राहायचं नाही.’

पास्टरबाईंना, रमोनाबाईंना, येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि आठवी सभा तळघरातल्या हॉलऐवजी वर, चर्चमध्येच बोलावली. “ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांना जिना उतरता येत नाही,” त्या म्हणाल्या. “मग आपण वर बसू. आणि इंगा, तूही यायचं. विषय तुझा आहे.”

पास्टरबाई पुढे वेदीजवळ उभ्या राहिल्या. आम्ही मंडळाचे आठही जण आपापल्या रविवारच्या जागी, म्हणजे अगदी मागे, जाऊन बसलो. आर्विड आपल्या खुंट्यांखाली होते आणि इंगा त्यांच्याजवळच्या बाकावर. पुढच्या बाकांवर आमच्याकडे कुणी बसतच नाही. मध्ये नऊ बाकं रिकामी. बाईंनी उसासा टाकला, सगळी वाट चालून मागे आल्या आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“आज मागचं इतिवृत्त वाचायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“वाचायचं नाही?” ऑर्व्हिल दचकले. ते मंडळाचे अध्यक्ष आणि गावातले एकुलते एक सुतार. “मग आपण काय ठरवलं ते कळायचं कसं?”

“काहीच ठरवलं नाही, काका. मला तोंडपाठ आहे.” बाईंनी एक कागद वर धरला. त्यावर एवढंच होतं : आर्विड घरच्यांशेजारी बसावेत म्हणून आपण आज काय करणार? “दुसरं, ‘लोक म्हणतात’ असं आज म्हणायचं नाही. ज्याचं म्हणणं त्याने ‘मी’ म्हणून सांगायचं.”

ऑर्व्हिलनी घसा खाकरला.

“लोकांना…” ऑर्व्हिल थांबले. “म्हणजे, काही जणांना…”

“कुणाला, काका?”

“मला,” ऑर्व्हिल कसेबसे म्हणाले. “मला वाटतं, ही बाकं आपल्या वाडवडिलांची आहेत. त्यांना करवत लावू नये.”

“पण पियानो ठेवायला पुढची दोन बाकं तुम्हीच कापलीत ना?” इंगाने विचारलं.

“पोरी, जपून,” आर्विड कुजबुजले. “अध्यक्ष आहेत ते.”

“पण कापलीत ना?”

तेवढ्यात व्हर्नाकाकूंनी हात वर केला. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आठ महिन्यांत त्या सभेत अवाक्षर बोलल्या नव्हत्या. “जो तुकडा कापायचा म्हणता ना, ती माझी जागा आहे,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं शेवटच्या भजनाला मी तिथून हळूच उठते आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी कॉफी चढवते. आत सरकले तर या वयात सहा जणांच्या गुडघ्यांवरून उड्या मारू का?”

आम्ही थक्क झालो. कॉफी आपोआप होते अशीच आमची समजूत होती.

“अगं, मग इतके महिने बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“लोक म्हणाले असते, हिला देवापेक्षा कॉफी मोठी.”

“आज लोक बंद आहेत, काकू,” इंगा म्हणाली.

“मग मीच म्हणते. कॉफी मोठी आहे.”

पास्टरबाई हसल्या नाहीत. “काहीही बदलायचं म्हटलं की कुणाचं तरी काहीतरी जातं,” त्या म्हणाल्या. “कुणाचं काय जाणार, हे मी पहिल्याच सभेत विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

इंगा उठून उभी राहिली आणि वाटेच्या पलीकडे बघू लागली. “तिकडचं शेवटचं बाकही दाराजवळच आहे. तेच कापू या. आम्ही तिकडे बसू.”

आठ महिन्यांत त्या बाकाचं नाव कुणी काढलं नव्हतं. कारण सोपं होतं. त्याच्या कडेला अध्यक्ष बसत. सगळ्यांच्या माना ऑर्व्हिलकडे वळल्या.

“पण तुझं घराणं तीन पिढ्या पलीकडच्या बाजूला बसतं,” ते आर्विडना म्हणाले.

“मी सध्या कोटांखाली बसतो, ऑर्व्हिल. मला कुठलीही बाजू चालेल.”

“काका, तुमचं काय जातं?” बाईंनी हळूच विचारलं.

ऑर्व्हिलनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आत सरकलो तर मला सगळ्यांच्या आधी सटकता येणार नाही. तुम्ही दारात उभ्या राहून विचारता, प्रवचन कसं वाटलं? आणि माझा… कधीकधी डोळा लागलेला असतो.”

“कधीकधी?” आर्विड एवढे हसले की त्यांची खुर्ची मागे सरकली. “अरे, खुंट्यांखाली मला प्रवचन कमी आणि तुझं घोरणं जास्त ऐकू येतं!”

“यापुढे मी तुम्हाला फक्त हवामान विचारीन,” पास्टरबाई म्हणाल्या. “आणि नाताळपर्यंत करून बघू. नाही जमलं तर?”

“तर तुकडा मी जोडून देईन,” ऑर्व्हिल म्हणाले. “जोड दिसणारसुद्धा नाही.”

व्हर्नाकाकूंनी ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं, आठ हात वर झाले. सभा सुरू होऊन पस्तीस मिनिटं झाली होती. इस्टरला बारा दिवस होते.

“छान,” ऑर्व्हिलनी डायरी उघडली. “आता बाक जमिनीपासून कधी सोडवायचं याची तारीख ठरवायला एक उपसमिती…”

इंगाने पुढचं ऐकलंच नाही. ती वाट ओलांडून गेली, पोटावर पालथी पडली आणि ऑर्व्हिल बसले होते त्याच बाकाखाली सरपटत शिरली. थोडा वेळ नुसते तिचे मोजे दिसत होते.

“चारच स्क्रू आहेत,” खालून आवाज आला. “एक तर सैलच आहे. ऑर्व्हिलकाका, जरा उठता का?”

आणि तिने बाकाखालून हात बाहेर काढला, तळवा वर करून, पेचकस मागायला.