सहा टोकांचा तारा

"जरा डावीकडे, अम्म शाझली! अजून थोडं... हां, बस्स. आता हलवू नका."

गाइडबाई मर्वत त्याला अम्म, म्हणजे काका, म्हणे. तिने सांगितलं तसा शाझलीने हातातला फळा तिरका केला. दाराशी स्टुलावर ठेवलेल्या आरशावरून ऊन आत येई, फळ्याला चिकटवलेल्या चांदीच्या कागदावर पडे आणि तिथून छतावर जाई. इजिप्तमधल्या कुर्न्याच्या डोंगरातल्या या प्राचीन थडग्यात वीज कधी आलीच नाही. एकतीस वर्षं इथला राखणदार शाझलीच उजेड देत आला होता.

छत गडद निळं, त्यावर ओळीने पिवळे तारे, सगळे पाच टोकांचे. कोपऱ्यातला एकच तेवढा सहा टोकांचा. या एका ताऱ्याने गेलं वर्षभर लोकांना वेड लावलं होतं. कुणीतरी त्याचा फोटो काढून जगभर पसरवला, आणि ज्या थडग्याकडे दिवसाला एखाददुसराच पर्यटक फिरके तिथे रांगा लागायला लागल्या.

"मोजा ना तुम्हीच," पांढऱ्या केसांचा पर्यटक वेंडेल म्हणाला. "आठशे तारे पाच टोकांचे आणि हा एकच सहा. पत्ता आहे हा, पत्ता! जे आकाशातून आले ते कुठून आले, ते लिहून ठेवलंय."

"डोंबलाचा पत्ता," त्याच्याच टोळीतली ब्रिगिट म्हणाली. म्हातारीने आयुष्यभर पूल बांधले होते. "रंगाऱ्याचा हात चुकला. माझ्या दर पुलात एखादा खिळा वाकडा असायचाच."

"मग व्याधाचा तारा नेमका याच कोपऱ्याकडे कसा उगवतो?"

"हा कोपरा नसता तर तू दुसरा तारा शोधला असतास!"

"बाई, इथले लोक शेतकरी. कुदळी धरणारे." वेंडेलने शाझलीच्या हातांकडे मान वळवली. "हे हात बघा. या हातांना आकाश कळतं असं वाटतं तुम्हाला?"

शाझलीला परक्यांची भाषा बोलता येत नसे, पण एकतीस वर्षांत कान तयार झाले होते. त्याच्या काळजाला ते वाक्य झोंबलं.

तो तारा त्याच्या धाकट्या भावाने, नूबीने काढला होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यातला गिलावा पडला, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या परदेशी साहेबाने नूबीला हाताखाली घेतलं होतं. शेवटच्या दिवशी साहेब तापाने फणफणला, आणि राहिलेला तारा नूबीने स्वतःच रंगवून टाकला. नूबी हजयात्रेची चित्रं काढणारा रंगारी. गावात कुणी हज करून आलं की त्याच्या घराच्या भिंतीवर विमान, बोट, काबा आणि वर तारेच तारे काढायचे, हा त्याचा धंदा. ते तारे सहा टोकांचे असत. हाताला वळणच तसं पडलं होतं. शाझलीने चूक दाखवली तेव्हा पठ्ठ्या खदाखदा हसला. "इतक्या वर कोण मोजायला येतंय, भावा?"

दोन वर्षांनी नूबी काविळीने गेला. दुसऱ्यांच्या हजयात्रा रंगवता रंगवता त्याची स्वतःची राहूनच गेली. मग डोंगरावरचं गाव उठवलं, बुलडोझर आले, आणि त्याने रंगवलेल्या सगळ्या भिंती दोन-तीन वर्षांत मातीत गेल्या. उरला हा एक तारा. शाझली रोज सकाळी दार उघडून त्याला सलाम घाली. खरं बोललं तर सरकार तो खरवडून काढील, या भीतीने त्याने इतकी वर्षं तोंड शिवून ठेवलं होतं.

"अम्म शाझली," मर्वतने विचारलं, "ते म्हणतायत, तुमच्या वाडवडिलांकडून या ताऱ्याची काही गोष्ट ऐकलीय का?"

"गोष्ट नाही. माझ्या भावाने काढलाय तो. नूबीने."

मर्वतच्या तोंडचं पाणी पळालं. "हे सांगू त्यांना? विचार करा हं. माझ्या तोंडून एकदा गेलं की गेलं."

"सांग, पोरी. शेतकऱ्याच्याच हातचा आहे म्हणून सांग."

तिने सांगितलं. ब्रिगिट आधी छताकडे आणि मग कितीतरी वेळ शाझलीकडे बघत राहिली. वेंडेलने मात्र मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बिचारा! असं बोलायला सरकारने पढवलंय याला." त्याच रात्री त्याने मोबाइलवर घेतलेलं ते चित्रण सगळ्या जगाला दाखवलं.

तिसऱ्या दिवशी पुराणवस्तू खात्याचे निरीक्षक आले.

"खरं आहे हे?"

"खरं आहे, बेटा."

"आणि पंचवीस वर्षं तुम्ही गप्प? रविवारपासून तुम्ही खालच्या कोठाराच्या पहाऱ्यावर. तारा त्याआधी गुरुवारी पुसून टाकायचा. मागाहून केलेली रंगरंगोटी ठेवता येत नाही."

घरी बायकोने भाकरी पुढ्यात ठेवली आणि तिचे डोळे भरून आले. "गप्प बसला असतास तर राहिला असता ना रे तो, करीमाच्या बापा."

"राहिला असता," शाझली म्हणाला. "पण दुसऱ्याचा म्हणून."

गुरुवारी कैरोहून रशा नावाची तरुण मुलगी आली, ब्रश आणि कापसाचे बोळे घेऊन. शाझलीने आरसा लावला, फळा धरला. ती शिडीवर चढली, मोजमापं घेतली आणि खाली उतरून, निरीक्षकांना ऐकू जाईल असं पुटपुटत लिहू लागली. "आग्नेय कोपरा. अलीकडची भर. करणारा अज्ञात."

"अज्ञात नाही," शाझली म्हणाला.

"काका, अहवालात असंच लिहायची पद्धत असते."

शाझलीने फळा उतरवला आणि छातीशी धरला. छत काळोखात गेलं. आठशेच्या आठशे तारे विझले.

"नूबी अब्देलरझिक. रंगारी. राहणार कुर्ना. एवढं लिही, मग उजेड देतो."

"अम्म शाझली, पोरखेळ चालवलाय का?" निरीक्षक कडाडले. "रशा, तुझ्या मोबाइलला टॉर्च आहे ना?"

रशाने टॉर्च लावला. पण तो तिने छताकडे नाही, कागदावर धरला. एक शब्द खोडला आणि वर काहीतरी लिहिलं.

"वाचून दाखव, बेटी."

"नूबी अब्देलरझिक," ती वाचू लागली. "रंगारी. राहणार कुर्ना."

शाझलीने फळा उचलला आणि उजेड नेमका कोपऱ्यातल्या ताऱ्यावर नेला. ती शिडीवर चढली. सहावं टोक पुसून होईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.