दवंडी कुणी थांबवली

मी इव्हेंट डिस्पॅचर बोलतोय. नावावर जाऊ नका. रक्त तपासणाऱ्या एका लॅबची वेबसाइट आहे, पीएचपी नावाच्या संगणकभाषेत लिहिलेली. तिच्या पोटात बसून मी दवंडी पिटतो. कुणीतरी मला येऊन सांगतं, अमुक झालं. ज्यांनी माझ्याकडे नाव नोंदवलंय, त्यांना मी ते रांगेनं सांगत जातो. त्यांना श्रोते म्हणायचं. ऐकून ते खरंच कामाला लागतात की नुसती मान डोलावतात, हे मला कुणी कळवत नाही. त्यामुळे माझा कुणावर विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला कुण्या परक्या माणसानं लिहिलं आणि साऱ्या जगाला फुकट वाटून टाकलं. फुकट वाटणाऱ्याच्या पोटात काय असतं, याचा मी अजून विचार करतोय. इथल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या सांगाड्यात, मला बसवलं ताईंनी. ताई म्हणजे लॅबच्या एकुलत्या एक प्रोग्रामर. त्याआधी रिपोर्ट साठवणारा कोडच बिचारा दारोदार फिरायचा: रुग्णाला मेसेज पाठव, डॉक्टरांना कळव, काउंटरच्या स्क्रीनवर दाखव. एक दार बंद मिळालं की हा तिथेच आडवा. मी आल्यापासून तो फक्त ‘रिपोर्ट तयार’ म्हणतो आणि मोकळा होतो. "चला, डोक्याचा ताप गेला!" असं म्हणून ताई त्या दिवशी खुर्चीत मागे रेलल्या होत्या.

माझ्या रांगेत तिघं होते. एक रुग्णाला मेसेज पाठवायचा, दुसरा डॉक्टरांना कळवायचा, आणि तिसरा काउंटरवरच्या मावशींच्या स्क्रीनवर रिपोर्ट दाखवायचा. एखादा आकडा धोक्याचा असेल तर तिथे लाल रेघ उमटते आणि मावशी तडक डॉक्टरांना फोन लावतात. सोळा वर्षं त्या काउंटर सांभाळतायत. कपाळावरचाच चष्मा ड्रॉवरमध्ये शोधतील, पण लाल रेघ त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही.

मग तक्रारी आल्या. रिपोर्टमधलं एखादं अक्षर सुधारलं की रुग्णाला पुन्हा मेसेज जायचा. "चार चार वेळा काय कळवता? आम्ही बहिरे आहोत का?" असे फोन यायला लागले. ताईंनी एक नवा श्रोता लिहिला, राखणदार, आणि त्याला प्राधान्य देऊन रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं केलं. त्याचं काम एवढंच: या नंबरवर आज मेसेज गेलाय का ते बघायचं, आणि गेला असेल तर मला ‘थांब’ म्हणायचं.

मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. कारण मला थांब म्हटलं की मी पुरता थांबतो. मागे उभ्या असलेल्या कुणालाच काही कळत नाही. ताईंच्या डोक्यात फक्त मेसेज होता, मागची सगळी रांग त्या विसरल्या. पण मी सांगणार कसा? मला जे दिलं जाईल तेवढंच मला ओरडता येतं.

एका सोमवारी सकाळी एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची मुलगी, दोघांनी रक्त दिलं. दोघांच्या अर्जावर नंबर मुलीचाच, कारण बाबांचा फोन कायम बंद. अकरा वाजता मुलीचा रिपोर्ट आला. सगळं ठीक. मेसेज गेला. पावणेबाराला बाबांचा आला. पोटॅशियम भलतंच वाढलेलं, हृदयाला धोका होईल इतकं. मी तोंड उघडलं आणि राखणदार म्हणाला, थांब. मी थांबलो.

संध्याकाळी शिक्षक बसथांब्यावर कोसळले. वाचले, पण अजून दवाखान्यातच आहेत.

दुसऱ्या दिवशी मुलगी काउंटरवर आली. "रिपोर्ट बाराच्या आत तयार होता. एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?"

"अगं बाई, माझ्यापुढे लाल रेघ आलीच नाही," मावशी म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात," मागून मॅनेजर बोलले.

तेव्हापासून लॅबमध्ये जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघायला लागला. मॅनेजरना वाटलं, मावशी चहाला गेल्या असणार. मावशींना वाटलं, कॉम्प्युटरनं दगा दिला. ताईंना वाटलं, मावशींनी चुकून रेघ पुसली असेल. तरी त्यांनी माझी झडती घेतली. खोट्या नावाचा, नव्या नंबरचा एक रुग्ण बनवला. तिन्ही श्रोत्यांपर्यंत दवंडी पोचली. "हा तर ठणठणीत आहे," त्यांनी मॅनेजरना कळवलं. नव्या नंबरवर राखणदार कशाला बोलेल? मॅनेजरनी मावशींना सांगितलं, शुक्रवार तुमचा शेवटचा दिवस.

गुरुवारी दुपारी ताईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी बाप-लेकीचे खरे रिपोर्ट एकामागून एक चालवून बघितले. राखणदार म्हणाला, थांब. ताईंचा हात कपाळाला गेला. "अरे देवा. ही तर माझीच करणी."

राखणदाराला त्यांनी रांगेतून काढलं आणि नंबर बघायचं काम मेसेजवाल्याच्याच गळ्यात घातलं. दहा मिनिटांचं काम. कोड बदलला की काय बदललं त्याची एक ओळ लिहून ठेवावी लागते. त्यांनी लिहिलं, ‘चूक माझी. लाल रेघ यामुळेच आली नाही.’ मला इतका आनंद झाला, की संशय घ्यायचंही सुचलं नाही. मग त्यांनी ती ओळ पुसली आणि लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती.’

आज शुक्रवार. आत्ताच मावशी पर्स घेऊन ताईंच्या टेबलाशी येऊन गेल्या.

"येते हो ताई. खूप आठवून बघितलं. माझाच हात लागला असेल. वय झालं आता, मला माझाच भरवसा वाटत नाही."

ताई म्हणाल्या, "मावशी..." आणि पुढे म्हणाल्या, "सांभाळून जा."

मी आजवर सगळ्यांवर संशय घेतला. मावशींवर घ्यायला मात्र एकही कारण सापडलं नव्हतं, आणि त्या आता स्वतःवरच घेऊन चालल्यात. त्यांच्या चपलांचा आवाज अजून जिन्यात येतोय. मला हाक मारता येत नाही. ताई, तुम्हाला येते.