बेल एकदाच वाजवावी

अशी कल्पना कर की तू एका जिन्याच्या तळाशी उभा आहेस. मुलगी असशील तर उभी आहेस. चपला पायात नाहीत, हातात आहेत. वर तीन मजले अंधार आहे. बाहेर आळीत कुणीतरी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारतंय, ठक् ठक् ठक्, आणि तो आवाज चालू आहे तोवर तुला पळता येतं. तो थांबला की तूही थांबायचंस, असशील त्या पायरीवर, एक पाय उचललेला असला तरी. ऐक. आता हातोडी थांबली. श्वाससुद्धा जरा बेतानंच घे.

आमोद थांबला नाही. त्याचं बोट कळीवर तसंच राहिलं, पडद्यावरचं इवलंसं माणूस एक पायरी जास्त चढलं, वर कुठेतरी कडी वाजली आणि सगळं काळं झालं. पुन्हा तळमजला. पुन्हा हातात चपला.

"अच्छा," तो म्हणाला. "असं आहे होय."

शेजारच्या स्टुलावर स्वराली बसली होती. समोरच्याच फ्लॅटमधली, बारा वर्षांची. गेम तिनं केला होता, तिचा पहिलाच, आणि तरी ती एक अक्षर बोलली नाही, कारण तसा नियम होता.

नियम आमोदचाच. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवायचा आणि शनिवारी संध्याकाळी कसबा पेठेतल्या आपल्या घरी इमारतीतल्या मुलांना जमवून छोटे छोटे गेम कसे करायचे ते दाखवायचा. परीक्षा जवळ आल्यापासून बाकीची मुलं गळाली होती, स्वराली तेवढी येत असे. नियम असा की गेम दुसऱ्याच्या हातात दिला की बनवणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं. तिकडे नको, इकडे जा, असं सांगायचं नाही. प्रत्येक खेळणाऱ्याच्या घरी जाऊन तू थोडीच शेजारी बसणार आहेस, असं तो विचारी. जे सांगायचं ते गेमलाच सांगू दे.

तो स्वतः विकतचे गेम खेळत नसे. त्यांत पाऊल टाकलं की दुकानात शिरल्यासारखं वाटतं, म्हणे: सारखं कुणीतरी मागे मागे, हे बघा, ते घ्या, उद्या पुन्हा या. मोबाइलवर फुकट म्हणून मिळतात ते तर त्याच्या मते फुकट नव्हतेच. ते आधी घरात घेतात आणि मग खिशात हात घालतात. त्याला आवडत ते एकट्यादुकट्यानं फावल्या वेळात केलेले, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे, कुणी कसलीच अपेक्षा न ठेवता नेटवर सोडून दिलेले गेम. एकात नुसतं बोगद्यातून चालायचं होतं. एकात कुत्र्यासाठी चेंडू फेकायचा होता आणि कुत्रं येतच नव्हतं, कितीही फेकला तरी. चित्रं ओबडधोबड, मध्येच बंद पडणार, पण आमोद ते शेवटपर्यंत खेळे आणि खाली दोन ओळी लिहून ठेवी. कधी वर्षभरानं जगाच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर येई.

"खोटं बोलून त्यांना मिळणार काय?" तो मुलांना सांगे. "पैसा नाही, नाव नाही. ज्याला काहीतरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, तोच असली उठाठेव करतो."

त्यानं हेडफोन नीट बसवले. पूर्ण कान झाकणारे, मोठे. पेठेतला गोंगाट बाहेर ठेवायला त्यानं ते मुद्दाम घेतले होते. छोट्या गेमचा निम्मा जीव आवाजात असतो, असं त्याचं मत होतं.

आणखी दोनचारदा हरल्यावर त्याला युक्ती नीट कळली होती. हातोडी पडू लागली की पळायचं, थांबली की गोठायचं. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एकदा चुकून, एकदा ऐकून समजत होतं, आणि त्याला याच गोष्टीचं सगळ्यांत कौतुक असे. तो पहिल्या मजल्यावर पोचला. तिथे एक दार होतं. त्यानं बेल वाजवली. कुणी उघडलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराआडून टीव्हीचा आवाज येत होता. तिथेही कुणी उघडलं नाही.

"हातोडी फार छान," तो जरा मोठ्यानंच म्हणाला, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं. "खालच्या तांबटांची ना? आईच्या मोबाइलवर घेतलीस?"

स्वरालीनं मान डोलावली. तिची नजर पडद्यावर नव्हती. ती बाहेरच्या दाराकडे तोंड करून बसली होती.

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती. डावीकडच्या दाराबाहेर काळ्या बुटांची जोडी होती. मघाशी एका खेपेला तो इथवर येऊन हरला होता, तेव्हा ते बूट सरळ ठेवलेले दिसले होते. आता त्यांतला एक आडवा पडला होता. उजवीकडच्या दारावर काहीतरी तपकिरी चौकोनी होतं. आमोद उजवीकडे वळला. त्यानं बेल दाबली. बेल वाजली. त्यानं वाट पाहिली. पुन्हा दाबली. काहीच झालं नाही. त्यानं कळ दोनचारदा बडवली.

हेडफोन गळ्यात उतरवून तो तिच्याकडे वळला.

"इथे चूक राहिलीये बघ. बेल दुसऱ्यांदा वाजतच नाही."

ती दाराकडेच बघत राहिली.

"अगं, आता बोल. मी विचारतोय म्हणजे बोलायला हरकत नाही."

"चूक नाहीये," स्वराली म्हणाली. "दुसऱ्यांदा वाजवायची नसते. लिहिलंय ना."

"कुठे लिहिलंय?"

"दारावर."

आमोद पडद्याजवळ वाकला. चौकोनात अक्षरं नव्हती, पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या. पण चौकोन सरळ नव्हता. डावीकडचा कोपरा खाली झुकला होता.

त्याच्या स्वतःच्या दारावर एक तपकिरी पाटी होती. वर्गणीवाले आणि कुरिअरवाले बेलवरचं बोट काढत नसत म्हणून त्यानं ती लावली होती: बेल एकदाच वाजवावी. घरातल्यांना ऐकू येते. येणारेजाणारे तिचे फोटो काढत, आणि त्याला त्याचा थोडा अभिमानही होता. पावसाळ्यात तिचा डावीकडचा स्क्रू गळून पडला होता. तो पुन्हा बसवायचं राहूनच गेलं होतं.

त्यानं माऊस हळूच बाजूला ठेवला.

"कधी वाजवलीस?"

"गणपतीच्या आधी."

"मी घरात होतो?"

"दिवा होता आत." ती स्टुलाची कड नखानं खरवडत होती. "मग आम्ही गच्चीच्या जिन्यात बसलो. मी आणि वरद. आई येईपर्यंत."

वरद तिचा भाऊ. शाळेत जायला नुकताच लागलेला. आमोदनं गळ्यातल्या हेडफोनला हात लावला आणि हात तसाच मागे घेतला.  गेमबद्दल विचारणं तेवढं त्याला जमत होतं.

"ते बूट. मघाशी सरळ होते. आता एक आडवा आहे."

"सरळ असले तर घरात जायचं."

"आणि आडवा असला तर?"

स्वरालीनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"बनवणाऱ्यानं सांगायचं नसतं," ती म्हणाली.

बाहेर आळीतले ठोके थांबले होते. ते कधी थांबले हे आमोदला कळलं नव्हतं, पण आता जिना स्वच्छ ऐकू येत होता. खालून कुणीतरी चढत होतं. पावलं जड होती आणि त्यांच्यात एकसारखेपणा नव्हता. मध्येच थांबत, मग दोन पायऱ्या घाईनं. स्वराली आधीच उठून उभी राहिली होती. समोरच्या दारात किल्ली फिरली. एक बूट पडला. मग दुसरा, भिंतीवर आपटून.

"जाते मी," ती म्हणाली. "वरद एकटाच आहे आत. आई मंडईत गेलीये."

ती दारापर्यंत गेली आणि दार बोटभरच उघडून तिनं बाहेर पाहिलं. तिच्या डोक्यावरून आमोदलाही दिसलं. समोर उंबऱ्याशी काळे बूट होते. एक उभा, एक आडवा. स्वराली खाली वाकली, तिनं आपल्या चपला उचलल्या आणि हातात घेतल्या.

आमोदनं दारावर हात ठेवला. संध्याकाळभर तो या जिन्यात पाचसहा वेळा हरला होता, आणि दर वेळी तळमजल्यावर त्याला पुन्हा नवी सुरुवात मिळाली होती.

"तू इथेच थांब," तो म्हणाला, आणि अनवाणीच बाहेर गेला.

बेल वाजवल्यावर दार लगेच उघडलं. तेजस, स्वरालीचे वडील. जिन्यात भेटले की आधी हसणारे, मथुराकाकूंची पिशवी वर आणून देणारे. आताही ते हसले, पण हात चौकटीवरच ठेवून उभे राहिले.

"बोला सर."

"वरदला न्यायला आलोय. गेम खेळून बघायला लहान मूल हवंय."

"तो अभ्यास करतोय."

"एवढ्याशा पोराला कसला हो अभ्यास?"

"आज नको," तेजस म्हणाले. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त डोळ्यांत नव्हतं. "आणि तिलाही पाठवून द्या. पुरे झालं तिचं."

त्यांच्या हाताखालून आतलं दिसत होतं. टीव्ही बंद होता. वरद भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात कानांवर दाबून. तो रडत नव्हता. आमोदला त्याचंच जास्त भय वाटलं.

तेजस दार लोटू लागले. आमोद मागे सरला नाही.  वाद घालायची त्याला सवय नव्हती, त्याचे सगळे टोमणे पाटीवर. त्यानं हात वर केला आणि उघड्या दाराची बेल वाजवली.

तेजस पाहतच राहिले. आमोदनं पुन्हा वाजवली. मग बोट बेलवरच ठेवलं. आवाज जिन्यातून खालपर्यंत घुमत गेला.

"कोण रे ते?" दुसऱ्या मजल्यावरून मथुराकाकूंचा आवाज आला. "बेल का बडवताय?"

"मी आमोद, काकू." तो तेजसकडेच बघत मोठ्यानं म्हणाला. "तेजसच्या दारात उभा आहे. वरदला माझ्याकडे घेऊन जायला आलोय."

"मग ने की. त्यासाठी अख्खी इमारत कशाला उठवायला हवी?"

पण त्यांचं दार बंद झाल्याचा आवाज आला नाही. त्याखाली पहिल्या मजल्यावरही एक कडी निघाली. तेजसनी जिन्याच्या कठड्याकडे एकदा पाहिलं. चौकटीवरचा हात खाली आला.

"न्या," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्याशी नंतर बोलतो मी."

"या ना. मी घरीच आहे."

वरद त्यांच्या पायांजवळून अंग चोरून बाहेर आला. आमोदनं त्याचा हात धरला. हात गार होता.

घरात आल्यावर त्यानं आधी सुनीतीला, मुलांच्या आईला, फोन लावला. मंडईतून परस्पर माझ्याकडे या, मुलं इथेच आहेत, तुम्ही आल्याशिवाय मी त्यांना कुठे सोडत नाही, एवढंच तो बोलला.  पलीकडून ती म्हणाली, "बरं." तिनं कारण विचारलं नाही.

फोन ठेवून त्यानं कपाटाच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दार उघडं टाकून पाटीसमोर उभा राहिला. उजवीकडचा एकच स्क्रू उरला होता. तोही गंजला होता, फिरता फिरेना. तो त्याच्याशी झटत असताना आत मुलांची काहीतरी कुजबुज चालली होती. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

पाटी हातात घेऊन तो आत वळला तेव्हा स्वराली कॉम्प्युटरसमोर बसली होती. हेडफोनची वायर तिनं काढून टाकली होती. गेम बंद करून त्याच्या आतल्या ओळी तिनं उघडल्या होत्या आणि एकेक खाली सरकवत होती. जिना गेला, हातोडी गेली, बूट गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या उजवीकडच्या दाराशी ती थांबली. एक ओळ निवडली. ती काही क्षण निळी होऊन तशीच राहिली. मग तिनं ती पुसली.

तिनं वरदला उचलून मांडीवर घेतलं आणि गेम पुन्हा सुरू केला, थेट त्या दारापासून.

"ही कळ," ती म्हणाली. "वाजव."

वरदनं एका बोटानं दाबली. बेल घरभर वाजली. तो दचकला, त्यानं हात मागे घेतला आणि दारात उभ्या असलेल्या आमोदकडे पाहिलं.

स्वरालीनं त्याचं बोट धरून परत कळीवर ठेवलं.

"अजून," ती म्हणाली.