सगळं हिरवं

धाकट्यानं नव्या कॉम्प्युटरवरची ती जुनी खिडकी उघडली आणि रोजच्या सवयीनं तिच्यातली तारीख मागे नेली. मगच प्रोग्राम सुरू झाला.

"दाताच्या दवाखान्याची लिफ्ट अडकलीय," वहिनी फोनवर हात ठेवून म्हणाली. "हे तिकडेच आहेत. दोर कधीचा आहे, विचारताहेत."

"हिरवा आहे. मुदतीत."

लिफ्टच्या देखभालीचा हा घरचा धंदा. थोरला हत्यारांची पिशवी घेऊन इमारती पालथ्या घालायचा, वहिनी ऑफिस सांभाळायची आणि धाकटा स्वतःला 'कॉम्प्युटर विभाग' म्हणवून घ्यायचा. कुठला दोर कधी बदलायचा, कुठला ब्रेक कधी तपासायचा, हे एक जुना प्रोग्राम सांगत असे. मुदतीत असेल तर हिरवं, मुदत उलटली की लाल. तो प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरवर चालायचा तो एक दिवस बंद पडला आणि नव्या कॉम्प्युटरवर पाऊल ठेवायला प्रोग्राम काही केल्या राजी होईना. तेव्हा धाकट्यानं नव्याच्याच पोटात जुनी सिस्टिम बसवली. ती एका खिडकीत उघडायची आणि आपण अजून जुन्याच घरात आहोत, असं प्रोग्रामला वाटत राहायचं.

तेवढ्यात प्रोग्रामच्या परवान्याची मुदत संपत आली. नवा परवाना मागायचा तर प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीलाच टाळं लागलेलं. मग त्यानं खिडकीतलं घड्याळ परवाना संपण्याच्या आदल्या दिवशी नेऊन ठेवलं आणि रोज सकाळी ते तिथंच परत आणायचा नेम धरला. साप मेला, काठीही तुटली नाही. थोरल्यानं चारचौघांत पाठ थोपटली, आणि त्या शाबासकीवर धाकटा अजून फुगलेला होता.

वहिनीनं फोन ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

"भावजी, आपल्याकडे शेवटचं लाल कधी आलं होतं?"

"आठवत नाही. सगळं नीट चाललंय, म्हणून येत नाही."

"आधी दर महिन्याला यायची. फोन करून करून माझा घसा बसायचा. ही तुमची खिडकी आल्यापासून एकही नाही."

तो हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. त्या खिडकीत कधीपासून एकच दिवस चालू होता. ज्याच्यासाठी उद्या उजाडतच नाही, त्याच्या लेखी मुदत उलटणार तरी कशी? त्यानं घाईघाईनं आजची तारीख घातली. 'परवाना संपला आहे' एवढंच सांगून प्रोग्राम मिटला. पुन्हा मागे नेली, तर सगळं हिरवंगार.

वहिनी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"शेवटचं काम कधी झालं, ते दिसतंय ना? त्या तारखा मी हातानं घातल्यात, त्या खऱ्या आहेत. तुम्ही वाचा, मी मोजते."

तो एकेक इमारत वाचत गेला आणि ती बोटांच्या पेरांवर महिने मोजत गेली. दाताच्या दवाखान्यासकट पुष्कळ ठिकाणी निभावलं होतं. कापड दुकानाच्या लिफ्टचा ब्रेक तपासायचा राहून गेला होता. वहिनीनं तिथल्या तिथं फोन करून लिफ्टला कुलूप घालायला लावलं. त्याला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सगळ्यात शेवटी आली ती स्वतःच्या घराची इमारत. घरच्या कामाचा नंबर नेहमीच शेवटी. वहिनीनं पेरं एकदा मोजली, पुन्हा मोजली.

"दोर मागच्या उन्हाळ्यातच बदलायला हवा होता," ती म्हणाली. "आणि ब्रेकची तपासणी त्याच्याही आधी."

"आई घरी आहे ना?"

"या वेळेला खाली उतरतात. उन्हात बसायला."

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला जिना वर्ज्य होता. वहिनीनं फोन लावला. तो वाजत राहिला. नेहमीप्रमाणे उशाशी पडलेला असणार.

धाकटा धावत सुटला. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. धावताना तो मनाला समजावत होता, दोर काही एकच नसतो, तीन-चार असतात. सगळे तुटले तरी ब्रेक डबा पकडून धरतो. लहानपणापासून त्यानं हेच ऐकलं होतं. पण ब्रेकही त्याच पडद्यावर हिरवा होता.

तो तळमजल्यावर पोचला तेव्हा लिफ्टच्या दारावरचा चारचा आकडा विझून तीन लागत होता. कुणीतरी खाली येत होतं. लिफ्टचा खटका मीटरच्या फळीवर होता. त्यानं त्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. खटका ओढला तर डबा जागच्या जागी थांबणार, हिसका बसणार, आणि तो हिसका दोरालाच बसणार. थोरल्यानं शिकवलेल्यातलं नेमकं एवढंच त्याला आठवलं. दोन लागला. बराच वेळ दोनच राहिला. मग एक. शेवटी शून्य.

दार उघडलं. काठी टेकत आई बाहेर आली.

"एवढा घामाघूम का झालायस?"

तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडताच त्यानं खटका ओढला. डब्यातला दिवा गेला.

"दादा दोर बघेपर्यंत लिफ्ट बंद. चल, तुला वर नेतो."

"कसा नेतोस? मी काय पोतं आहे?"

तो पाठ करून खाली बसला. आईनं थोडी कुरकुर केली, मग काठी त्याच्या हातात दिली आणि गळ्यात हात टाकले. पहिला मजला मागे पडला.

"म्हणजे शेवटी ऐकलंस म्हणायचं माझं," आई म्हणाली.

"काय?"

"लिफ्टमध्ये आवाज येतो म्हणून तुला सांगितलं नव्हतं का? दोनदा सांगितलं. तू कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणालास, आई, सगळं हिरवं आहे."

त्याला ते आठवत नव्हतं. तो कठडा धरून उभा राहिला.

"मग?"

"मग काय. मला वाटलं, आपलेच कान गेले. तुला जास्त कळतं, म्हणून सांगायचं सोडलं, आणि येत-जात राहिले."

"कसा येतो आवाज?"

आईनं जरा आठवून पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर बोटानं वाजवलं. टक. थोडा वेळ काही नाही. मग लागोपाठ, टक टक.

"असा. वर जाताना जास्त."

तो पुन्हा चढायला लागला. आईला वाटलं, त्याच्या अजून नीट लक्षात आलेलं नाही. घराच्या दारापर्यंत ती त्याच्या खांद्यावर तसंच वाजवून दाखवत राहिली.